‘दार उघडंच होतं’ म्हणणाऱ्यांसाठी

‘कीप स्वीट : प्रे अँड ओबे’ ही नेटफ्लिक्सवरची चार भागांची डॉक्युमेंटरी 2022 सालची. अमेरिकेतल्या एफएलडीएस या बहुपत्नीक पंथातून बाहेर पडलेली माणसं तिच्यात बोलतात. तिच्यावरचा एक लांबलचक मजकूर सध्या दापोली-गुहागरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा : हे लोक आपल्या मर्जीने पंथात गेले, शिकलेले असते तर गेलेच नसते. नको होतं तर दार उघडंच होतं, निघून यायचं, पोलिसांत जायचं. आता कॅमेरा आणि पैसा दिसल्यावर रडतात. आपल्या कोकणात असलं कुणी खपवून घेत नाही. खाली अंगठ्यांची रांग. शेवटचं वाक्य नसतं तर मीही सोडून दिलं असतं.

‘मर्जीने गेले.’ पडद्यावर बोलणाऱ्यांपैकी बहुतेक जण पंथातच जन्मले. जन्माला येण्याला प्रवेश घेणं म्हणत नाहीत. एलिसा वॉल 14 वर्षांची असताना, 2001 मध्ये, तिचं लग्न तिच्याच 19 वर्षांच्या मामेभावाशी लावलं गेलं. तिने नको म्हणून सांगितलं होतं. लग्न लावणारा होता वॉरन जेफ्स, तेव्हाच्या धर्मगुरूचा मुलगा आणि पुढचा धर्मगुरू. यात मर्जी नेमकी कुणाची होती?

‘शिकलेले असते तर.’ जेफ्सने 2000 साली पंथातल्या पालकांना मुलं सरकारी शाळेतून काढायला लावली. टीव्ही, वर्तमानपत्रं बंद. म्हणजे शिक्षण नव्हतं हे खरं, पण ते काढून घेतलेलं होतं आणि काढून घेणाऱ्याला त्याचा उपयोग ठाऊक होता. शिवाय शिकलेला माणूस अडकत नाही, हे निदान पुण्याला जाऊन-येऊन असणाऱ्यांनी तरी म्हणू नये. कोरेगाव पार्कातून अमेरिकेतल्या ओरेगनला गेलेल्या रजनीशांच्या वसाहतीत वकील होते, डॉक्टर होते. त्याच वसाहतीतल्या लोकांनी 1984 मध्ये शेजारच्या द डॅलेस गावातल्या हॉटेलांत सॅलडवर साल्मोनेला जंतू टाकून 751 माणसं आजारी पाडली. जंतू वाढवायला प्रयोगशाळा लागते. ती अडाण्यांनी चालवली नव्हती.

आता दाराकडे येऊ, कारण सगळा मजकूर त्या एका दारावर टेकलेला आहे.

युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवर हिल्डेल आणि कोलोरॅडो सिटी ही जोडगावं. तिथली बहुतेक घरं आणि जमीन तेव्हा पंथाच्या ट्रस्टच्या नावावर होती. माणसाने आपल्या पैशाने, आपल्या हाताने घर बांधायचं, पण सातबारावर नाव ट्रस्टचं. वडिलोपार्जित कलमांच्या चार गुंठ्यांसाठी तीन पिढ्या कोर्टात घालवणाऱ्या आपल्या लोकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. गुरूची मर्जी फिरली की घर गेलं. आणि नुसतं घर नव्हे. जानेवारी 2004 मध्ये जेफ्सने एका सभेत सुमारे 20 पुरुषांना पंथातून काढलं, त्यात गावचा मेयरसुद्धा होता. त्यांच्या बायका-मुलं दुसऱ्या पुरुषांच्या नावे लावून टाकली. ही बंडखोर माणसं नव्हती, आयुष्यभर मान तुकवलेली होती. उंबरठा ओलांडला की काय जातं, ते त्या दिवशी अख्ख्या गावाने पाहिलं. ट्रस्टचा कारभार कोर्टाने हाती घेतला तो 2005 मध्ये.

‘पोलिसांत जायचं.’ जायचं, पण तिथले पोलीसही तेव्हा पंथाचेच होते. हा माझा तर्क नव्हे. या दोन्ही गावांच्या प्रशासनांनी पंथाबाहेरच्यांशी घरं, पाण्याची जोडणी आणि पोलिसी संरक्षण या बाबतींत भेदभाव केला, असा निकाल फिनिक्सच्या संघीय न्यायालयात ज्युरीने 2016 मध्ये दिला. पाण्याची जोडणी, हे लक्षात ठेवा.

पैशाचा मुद्दा लवकर निपटतो. एलिसा वॉलने जेफ्सविरुद्ध कोर्टात उभं राहून साक्ष दिली 2007 मध्ये, बचावाच्या वकिलाची उलटतपासणी सोसून. डॉक्युमेंटरी आली त्यानंतर 15 वर्षांनी. त्या खटल्यात जेफ्सला झालेली शिक्षा 2010 मध्ये रद्द झाली, ज्युरीला दिलेल्या सूचना चुकीच्या होत्या म्हणून. हे मजकूरवाल्यांना माहीत असतं तर त्यांनी वापरलंच असतं. टेक्सासमधल्या पंथाच्या रँचवर 2008 मध्ये धाड पडली ती एका खोट्या फोनवरून, हेही खरं. पण त्या धाडीत पंथाच्याच नोंदवह्या आणि ध्वनिफिती सापडल्या. त्यांच्या जोरावर 2011 मध्ये जेफ्सला 12 आणि 15 वर्षांच्या मुलींवरच्या अत्याचाराबद्दल जन्मठेप आणि वर 20 वर्षं झाली. त्याचाच आवाज कोर्टात ऐकवला गेला. रडणाऱ्या बायकांवर विश्वास ठेवायचा नसेल तर नका ठेवू.

राहिलं ‘आपल्या कोकणात’. रायगड-रत्नागिरीत वाळीत टाकणं हा शब्द कुणाला ऐकूनच माहीत असेल, तर तो नशीबवान. वाळीत पडलेल्या घराला वाडीतलं दुकान बंद, विहिरीवर वाद, मयताला खांदा द्यायला माणूस नाही. शिमग्यात पालखी त्या दारावरून पुढे निघून जाते. चाकरमानी रजा टाकून, रात्रभर गाडीत उभा राहून येतो तो त्या पालखीसाठी. ती चुकली की घरातली म्हातारी वर्षभर जेवताना तेच बोलत राहते. हे इतकं सर्रास होतं की विधानसभेला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. 3 जुलै 2017 पासून तो लागू आहे, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जे कुणी खपवूनच घेत नाही, त्याच्यासाठी कायदा कशाला?

गावकी म्हणजे पंथ नव्हे, हे मान्य. तिथे एक गुरू नसतो, मुलींची वाटणी होत नाही, आणि मुंबईची गाडी रोज सुटते. पण म्हणूनच उदाहरण जास्त बोचतं. मुंबईत खोली आहे, नोकरी आहे, गावावाचून पोट अडत नाही, अशी माणसंसुद्धा गावकीपुढे हात जोडून माफी मागतात आणि पैसे मोजतात, कारण गावात आई आहे आणि तिला पाणी भरायचं असतं. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा ते पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकवत होते. दापोलीजवळच्या मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार टाकला, त्याची झळ गावातल्या घरच्यांना बसली.

आमच्या ग्रुपवर हा मजकूर टाकणारे गृहस्थ स्वतः गावकीत बसतात. वाळीतून परत घ्यायचा दंड त्यांच्याकडे सध्या किती आहे, तेवढं त्यांनी ग्रुपवर लिहावं.