वीस पटाखालचं शहाणपण

शिक्षणात सुधारणा करायचं मनावर घेतलंय म्हणता? उत्तम. फक्त शाळेत जाऊ नका. तिथं पोरं असतात, आणि पोरं दिसली की हिशेब चुकतो. साताऱ्यात बसून पट मागवा. पाटण-जावळीच्या डोंगरात २० च्या आतल्या शाळा ढिगानं सापडतील. त्या बंद करून खालच्या मोठ्या गावात ‘समूह शाळा’ काढा. वाडीवरच्या पोरीला पावसाळ्यात ओढा ओलांडावा लागेल, पण ओढा शिक्षण खात्याकडं येत नाही.

मग गुरुजींकडं वळा. जनगणना, मतदारयादी, खिचडीची ऑनलाइन माहिती, सगळं त्यांच्याच गळ्यात घाला. वाडीवर रेंज नसते. गुरुजी तिसरीचा भागाकार फळ्यावर अर्धा टाकून, मोबाइल डोक्यावर धरून टेकाड चढतात. वर दोन कांड्या आल्या की ‘आज किती जेवले’ ते भरतात. भागाकार किती जणांना आला, असा रकानाच नाही. तो मागूही नका, नसती चौकशी मागं लागेल. नवा गुरुजी घ्यायचाच झाला तर शिक्षण सेवक घ्या. महिना १६,००० रुपये मानधन. २०२३ पूर्वी प्राथमिकला ६,००० होतं, म्हणजे आता चंगळच की.

पैशाचं कुणी विचारलं तर कोठारी आयोग पुढं करा. १९६६ साली त्यांनी राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर घाला म्हटलं. २०२० च्या धोरणानंही ६ टक्केच म्हटलं. सातत्य म्हणतात ते हेच.

शाळेतल्या एका जादा वर्षानं कमाई सरासरी ९-१० टक्क्यांनी वाढते, असं जागतिक बँकेचे अर्थतज्ज्ञ सांगतात. सांगू देत. वाशीच्या मार्केटात गोणी उचलायला जावळीकर लागतातच. आजा गेला, बाप गेला, नातवानं परंपरा का मोडावी?

साताऱ्यात भाषण ठोकताना मात्र जपून. ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस असतो. १९०० साली त्याच दिवशी भिवा रामजी आंबेडकर हे नाव इथल्या शाळेच्या रजिस्टरात चढलं. शाळा सरकारी होती, हे कुणी काढलं तर हार घालून पुढं सरका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, बोर्डिंगातल्या पोरांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्यातला ‘लोकसहभाग’ तेवढा उचला: रंग, पंखे, संगणक गावानं आणायचे, फीत तुम्ही कापायची. कोनशिलेवर नाव ठळक घ्या. ते वाचता येणारं एखादं पोरगं सापडलंच, तर फोटोत पुढं उभं करा.