अमेरिकेला ‘ख्रिस्ती राष्ट्र’ म्हणणाऱ्या आपल्या मंडळींना

आमच्या चर्चच्या ग्रुपवर दर चार जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, अमेरिकेतल्या कुणा ना कुणा नातेवाइकाचा फॉरवर्ड येतो: अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र म्हणून स्थापन झाली, म्हणून देवाने तिला भरभराट दिली. खाली ‘आमेन’ची रांग. मी नगरचा, पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती घरातला. तरी हे मला पटत नाही. सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून तिथे सगळ्यात मोठा आरडाओरडा केला तो पक्क्या श्रद्धाळू ख्रिस्ती लोकांनीच, आणि फॉरवर्डमध्ये नेमके तेच गायब असतात.

१७८७ची त्यांची राज्यघटना काढून बघा. प्रभूचा उल्लेख फक्त शेवटी, तारीख लिहिताना. सहाव्या कलमात मात्र स्पष्ट म्हटलंय की सरकारी पदासाठी कुणाची धर्मपरीक्षा घ्यायची नाही. घटना परिषदेत भांडणं वाढली तेव्हा राष्ट्राच्या संस्थापकांपैकी एक, ८१ वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिनने सुचवलं की रोज सकाळी आधी प्रार्थना करू. सूचना बारगळली. तीन-चार जण सोडले तर कुणाला प्रार्थनेची गरज वाटली नाही, अशी नोंद खुद्द त्यानेच करून ठेवलीय. १७९७ साली सिनेटने एकमताने मंजूर केलेल्या, उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोलीशी झालेल्या तहात तर अमेरिकेचं सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर उभारलेलं नाही, असं वाक्यच आहे.

पण खरी गंमत व्हर्जिनियात आहे. स्वातंत्र्याआधी, इंग्रजांच्या अमलात, तिथे अँग्लिकन म्हणजे इंग्लंडचं चर्च हे सरकारी चर्च. तुम्ही त्याची पायरी चढा वा न चढा, खर्च तुमच्या करातून. बाप्टिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या उपदेशकाने परवान्याशिवाय तोंड उघडलं की रवानगी तुरुंगात. जेम्स आयर्लंड नावाचा उपदेशक कल्पेपरच्या तुरुंगात होता. खिडकीच्या गजांतून तो बाहेर जमलेल्या लोकांना सुवार्ता सांगायचा. त्याला गुदमरवायला गंधक आणि मिरचीचा धूर केला गेला, असं त्याने लिहून ठेवलंय. धूर करणारे कोण? तेही बाप्तिस्मा झालेलेच! तरुण जेम्स मॅडिसनने १७७४ मधल्या एका पत्रात, शेजारच्या काउंटीत अशा पाच-सहा भल्या माणसांना डांबलंय म्हणून संताप व्यक्त केलाय. पुढे घटना घडवण्यात हाच माणूस आघाडीवर होता.

स्वातंत्र्यानंतर व्हर्जिनियाचा पुढारी पॅट्रिक हेन्री याने मवाळ तोडगा काढला. ख्रिस्ती धर्मशिक्षकांसाठी कर बसवू, ज्याने त्याने आपला पैसा आपल्या पंथाला द्यावा. ऐकायला किती गोड. मॅडिसनने १७८५ मध्ये त्याविरुद्ध जोरदार निवेदन लिहिलं, आणि गावोगावच्या बाप्टिस्टांनी, पुढे प्रेस्बिटेरियनांनीही, सह्यांचे अर्ज पाठवून विधेयक बुडवलं. घरबसल्या मिळणारे पैसे नको म्हणणारी मंडळी! आपल्याकडे चर्चच्या जागेवरून आणि ट्रस्टवरून किती वर्षं कोर्टकज्जे चालतात ते आठवा म्हणजे याचं मोल कळेल. १७८६ मध्ये थॉमस जेफरसनने लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा तिथे मंजूर झाला.

पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या त्याच जेफरसनला विरोधक नास्तिक म्हणून शिव्या घालत. तर १ जानेवारी १८०२ला मॅसॅच्युसेट्सच्या चेशायर गावाहून जॉन लेलंड हा बाप्टिस्ट पाळक त्याच्या दारात हजर. सोबत भेट म्हणून गावकऱ्यांनी केलेलं १,२३५ पौंडांचं, म्हणजे साडेपाच क्विंटलचं, चीज. त्याच दिवशी जेफरसनने डॅनबरीच्या बाप्टिस्टांना ते पत्र लिहिलं, ज्यात चर्च आणि सरकार यांच्यामधल्या भिंतीचा उल्लेख आहे. आणि दोनच दिवसांनी, रविवारी, लेलंडने संसदेच्या सभागृहात उपदेश केला. ऐकायला जेफरसन हजर! म्हणजे भिंतवाल्यांनाही इतिहास सगळाच सोयीचा नाही.

राज्यांचं चित्र निराळं होतं, हेही मान्य करायला हवं. डेलावेअरच्या १७७६च्या घटनेत पदासाठी त्रैक्यावरच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) विश्वासाची जाहीर कबुली लागायची. मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चला सरकारी आधार १८३३ पर्यंत टिकला. त्याच मॅसॅच्युसेट्सच्या बॉस्टनमध्ये १६६० साली मेरी डायर या बाईला फासावर चढवलं होतं, कारण ती क्वेकर या ख्रिस्ती पंथाची होती आणि हद्दपार करूनही परत येत होती. ख्रिस्ती राज्य हवं असणाऱ्यांनी एकदा सांगावं, कुणाच्या पंथाचं?

आता २०२४ मध्ये लुइझियानाने सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात दहा आज्ञा लावायचा कायदा केला. मजकूर कोणता लावायचा तोही कायद्यातच ठरवून दिला. ज्यू, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या आज्ञा सारख्या मोजत नाहीत, पण आमदारांनी निकाल लावून टाकला. पवित्र शास्त्राचा कोणता पाठ खरा हे बहुमताने ठरणार असेल, तर पाळकांनी घरी बसावं.

ख्रिस्ती सरकारने ख्रिस्ती उपदेशकांच्याच मागे लागणं आपल्या मुंबईतही घडून गेलंय. अमेरिकन मराठी मिशन सुरू करणारे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये इथे उतरले. पुढे याच मिशनच्या शाळांत आमच्या घरातली माणसं शिकली. या दोघांना देशाबाहेर काढायला कोण निघालं होतं? पेशवे नाहीत. कंपनी सरकार! राजा ख्रिस्ती, साहेब ख्रिस्ती, आणि हुकूम काय, तर या दोघांना जहाजात बसवून इंग्लंडला रवाना करा.