दगडात लोखंड आहे, मग खाण का नाही? मंद्रूपच्या वाचकांना उत्तर

दादा, नमस्कार.

सोलापूरच्या काळ्या पाषाणावरच्या माझ्या लेखाला तुम्ही मंद्रूपहून सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. ती ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की, मी एका परिच्छेदात पाषाणात नऊ-दहा टक्के लोखंड असल्याचं लिहितो आणि पुढच्याच परिच्छेदात जिल्ह्यात धातूची खाण निघायची नाही म्हणतो, हा दुटप्पीपणा झाला. गडचिरोलीला लोखंड, कोल्हापूरला बॉक्साइट, कर्नाटकातल्या हुट्टीला सोनं, मग सोलापूरनंच काय घोडं मारलंय? ओढ्याच्या वाळूत लोहचुंबक फिरवलं की काळी पूड चिकटते. विहिरीत हिरवे चकाकणारे खडे निघालेत, ते तांबंच असणार. आपले पूर्वजही लोखंड काढायचे. एका माणसाने तुमचा दगड तपासून रिपोर्टही आणलाय, त्यात लोह तेरा टक्के आहे आणि तो आता ‘पुढच्या कामासाठी’ पैसे मागतोय. शेवटी ‘पुस्तकी ज्ञान पाजळू नका’ हा आहेर.

रिपोर्टपासून सुरू करतो, कारण तिथं तुमचा खिसा गुंतलाय. रिपोर्ट बहुतेक खरा असेल. त्यात खोटं काही मिसळायची त्या माणसाला गरजच नाही. आपल्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा, कुठलाही तुकडा तपासायला दिला तरी लोहाचा आकडा बारा ते चौदाच्या दरम्यान येतो. पण तो आकडा लोहाच्या ऑक्साइडचा असतो. त्यातला प्राणवायू वजा केला की निव्वळ लोखंड सत्तर टक्के उरतं, म्हणजे तेराचे नऊ. माझ्या लेखातला आकडा तोच. तुमच्या दगडाचा रिपोर्ट आणि सिद्धेश्वर मंदिराच्या परिसरातल्या एखाद्या चिऱ्याचा रिपोर्ट शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा हे ओळखणं अवघड जाईल.

आता हे नऊ टक्के बाहेर काढायचं बघू. पृथ्वीच्या कवचात सरासरी पाच टक्के लोखंड आहेच, त्यामुळे लोखंड सापडणं हे नवल नाही. प्रश्न आहे ते कुठल्या रूपात आहे याचा. पाषाणातलं बरंचसं लोखंड पायरोक्सीन नावाच्या खनिजात सिलिका, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्याबरोबर अडकलेलं असतं. आमटीत विरघळलेलं मीठ चिमटीने उचलता येत नाही, तशीच त्याची गत. गडचिरोलीतल्या सूरजागडच्या डोंगरातलं हेमॅटाइट म्हणजे लोखंड आणि प्राणवायू, बस्स. झोतभट्टीत कोकपासून, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशापासून, तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड त्यातला प्राणवायू ओढून घेतो आणि लोखंड मोकळं होतं. साठ टक्क्यांवरचं धातुक, म्हणजे धातू काढण्याजोगा दगड, असेल तर टनभर लोखंडासाठी दीड-पावणेदोन टन दगड पुरतो.

आपल्या पाषाणाचा हिशेब करा. टनभर लोखंडासाठी अकरा टन पाषाण, त्यातली निम्मी, म्हणजे साडेपाच टन, सिलिका. भट्टीत ही सिलिका पातळ होऊन मळीच्या (साखर कारखान्याची नव्हे, भट्टीतला वितळलेला टाकाऊ भाग, स्लॅग) रूपात वाहून जायला हवी, त्यासाठी चुनखडी घालावी लागते. पाषाणात स्वतःचा थोडा चुना असतो, तो धरूनही वरून सात-आठ टन चुनखडी लागेल. शहाबादी फरशीचा खडक चुनखडीचाच आहे आणि शहाबाद आपल्याच रेल्वेमार्गावर आहे, त्यामुळे माल आणायची सोय आहे म्हणा! पण एवढं सगळं वितळवायला लागणारा कोक आणि शेवटी हाती उरणारा मळीचा डोंगर बघितला की त्या टनभर लोखंडाची किंमत भंगारवाल्यालाही परवडायची नाही.

एखादा धातू खडकात ‘आहे’ आणि तो धातुक म्हणून ‘साठलाय’, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गडचिरोली आणि कर्नाटकातल्या बळ्ळारी-संडूर भागातलं लोखंड साठायला पृथ्वीचा फार जुना काळ कारणीभूत आहे. अडीचशे कोटी वर्षांपूर्वी आणि त्याआधीही समुद्रात मोकळा प्राणवायू जवळजवळ नव्हता, त्यामुळे लोह पाण्यात विरघळून राहायचं. सूक्ष्म जीव प्राणवायू सोडू लागले तसं ते लोह गंजून तळाशी बसत गेलं. लोहाचा थर, सिलिकेचा थर, पुन्हा लोहाचा, असे पट्टे तयार झाले. पुढे झिरपणाऱ्या पाण्याने सिलिका धुऊन नेली आणि लोखंडाचं प्रमाण आणखी वाढलं. आपला पाषाण त्या मानाने कालचं पोर! साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा आला, पसरला, निवला. एकावर एक थर साचले, पण निवडानिवड झालीच नाही.

तुमचा कोल्हापूरचा मुद्दा मला सगळ्यात आवडला, कारण तिथला मूळ खडकही हाच पाषाण आहे. मग राधानगरीकडे बॉक्साइट कसं? पावसामुळे. घाटमाथ्यावर लाखो वर्षं धो धो पाऊस पडत राहिला. त्याने पाषाणातला चुना, सोडियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिकाही वाहून नेली, मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहिलं. त्याचाच जांभा झाला आणि जिथं ॲल्युमिनियम जास्त उरलं तिथं बॉक्साइट. महाबळेश्वरच्या जांभ्यातून धावड लोक कोळशाच्या भट्ट्यांवर लोखंड काढायचे, एकोणिसाव्या शतकापर्यंत. त्यांच्या भट्टीत लोखंड पूर्ण वितळायचंही नाही. मळीने भरलेला मऊ, सच्छिद्र गोळा निघायचा आणि तो घणाने ठोकून ठोकून मळी बाहेर काढायची. ‘आपले पूर्वज लोखंड काढायचे’ हे तुमचं वाक्य म्हणूनच बरोबर आहे. फक्त त्यांच्या आधी पावसाने आपलं काम उरकून ठेवलं होतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आपल्याकडे साडेपाचशेच्या आसपास. एवढ्याशा पावसात चुना वाहून जात नाही, तो इथंच काळ्या मातीत खड्यांच्या रूपात साचतो. नांगरताना निघणारे ते पांढरे खडे घ्या, त्यावर लिंबू पिळा, फसफसेल.

आता चुंबक. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ओढ्याच्या वळणावर, जिथं पाणी मंदावतं तिथं वाळूत फिरवलं की पिशवीला काळ्या कणांची दाढी फुटते. पिशवी उलटी करून ते कण कागदावर झटकले तर दिसतात काळेभोर, काही कोनदार, धातूसारखी चकाकी असलेले. हे टायटॅनियममिश्रित मॅग्नेटाइट, चुंबकाला चिकटणारं लोहाचं खनिज. पाषाण झिजला, हलकं ते पाणी पुढे घेऊन गेलं, जड ते मागे राहिलं. बघा, इथं निवडानिवड झाली! पण ती ओंजळभर. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर समुद्राने हेच काम मोठ्या प्रमाणावर केल्याने तिथं इल्मेनाइटची (लोह-टायटॅनियमच्या खनिजाची) काळी वाळू साठलीय. शिवाय टायटॅनियम जास्त झालं की भट्टीतली मळी घट्ट होते, वाहत नाही, म्हणून लोखंडवाले अशा मालाला नाक मुरडतात.

हिरवे खडे म्हणजे तांबं हा तर्क सोडून द्या. लाव्हा निवताना त्यातल्या वायूचे बुडबुडे थराच्या वरच्या भागात अडकतात आणि पोकळ्या राहतात. नंतर कोमट पाणी झिरपतं, पाषाणातली सिलिका, कॅल्शियम, सोडियम विरघळवून आणतं आणि पोकळीच्या भिंतीवर स्फटिक जमवतं. विहिरीत तुम्हाला कुठल्या पातळीवर मिळाले ते आठवून बघा. मुरूम आणि मांजऱ्या (अर्धवट कुजलेला मऊ खडक) संपल्यावर भोकाभोकांचा पाषाण लागतो त्यात, किंवा खालच्या लाल पट्ट्याच्या जवळपास सापडले असणार. तो लाल पट्टा म्हणजे एका थराची वरची बाजू, पुढचा लाव्हा येण्याआधी हवापाण्याने कुजलेली. मऊ, मातकट हिरवं असेल तर ते सेलॅडोनाइट, त्याचा रंग लोहाचा. काचेसारखा स्वच्छ, फिकट पिस्ता रंगाचा चौकोनी स्फटिक असेल तर अपोफिलाइट, त्याचा रंग व्हॅनेडियमच्या लवलेशाचा. मोत्यासारखी झाक असलेले, पंख्यासारखे उघडलेले पांढरे-गुलाबी पापुद्रे म्हणजे स्टिलबाइट. त्याचा बारीक कण गॅसच्या ज्योतीवर चिमट्यात धरा, आत अडकलेलं पाणी सुटून तो फुगतो, पिंजतो. अपोफिलाइट मात्र हातोडीने फोडू नका. अखंड गुच्छाला संग्राहक पैसे मोजतात, चुऱ्याला कुणी विचारत नाही. तांबंच म्हणाल तर पाषाणात ते टनाला दीड-दोनशे ग्रॅम असतं. मध्य प्रदेशातल्या मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत टनाला दहा किलोच्या आसपास.

हुट्टीबद्दल तुम्ही लिहिलंत, ‘जमीन सलगच आहे ना?’ हा प्रश्न खरंच तगडा आहे. हुट्टीचं सोनं धारवाडी, म्हणजे दक्षिणेतल्या अतिप्राचीन, खडकांच्या भेगांत, गरम पाण्याने आणलेल्या गारेच्या (क्वार्ट्झच्या) शिरांत आहे. असे जुने खडक आपल्या पाषाणाखाली उत्तरेकडे सरकलेले असू शकतात. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल भोक पाडलं तेव्हा पाषाण ३३८ मीटर जाड निघाला आणि त्याखाली, मधला एक पातळ गाळाचा थर सोडला तर, ‘नाइस’ (gneiss) नावाचा जुना, ग्रॅनाइटसारखा खडक लागला. सोनं नव्हे. एक भोक म्हणजे अख्खा जिल्हा नव्हे, हेही खरंच. पण हे शोधायचं तर गुरुत्वाकर्षण आणि चुंबकीय मोजणी करून, मग शेकडो मीटर पाषाण छेदून नमुने काढावे लागतात. विहिरीच्या काठावरचा दगड उचलून त्याचा पत्ता लागत नाही.

त्या माणसाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण एवढं विचारा. लोखंडासारख्या खनिजाचा खाणपट्टा (खाण चालवायचा परवाना) १९५७च्या खाण कायद्याखाली मिळतो आणि २०१५च्या दुरुस्तीपासून त्यासाठी सरकारी लिलाव होतो. मग तुमचे पैसे नेमके कुठल्या खात्यात, कशासाठी भरले जाणार आहेत? पावती कुणाच्या नावाची मिळणार?

आणि एक काम करा. रिपोर्टचा फोटो इथंच टाका, तुमचं नाव-गट नंबर झाकून. मला लोहाचा रकाना बघायचा नाही. सिलिकेचा आकडा बघायचाय, तो पन्नासच्या आसपास असणार. साठच्या वर निघाला तर मात्र तो दगड तुमच्या विहिरीतला नाही, दुसरीकडून आणलेला आहे, असं मी खुशाल म्हणेन.