टायगर वुड्सच्या २००० सालाचं नाव घेऊन पोरांची मनगटं मोडू नका

गेल्या रविवारी ताईकडे जेवायला गेले होते. आमटीची वाटी डाव्या हाताने उचलून थेट तोंडाला लावायची ही आमच्या भाच्याची लहानपणापासूनची सवय. त्या दिवशी मात्र वाटी ताटातच ठेवून तो चमच्याने आमटी खात होता. डावा हात मांडीवर, मनगटाला क्रेप बँडेज. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, "काही नाही मावशी, थोडं दुखतंय." जरा खोदून विचारल्यावर कळलं की तीन आठवडे रोज शाळा सुटली की गोल्फच्या ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, दीडशे बॉल मारणं चाललंय, आणि दुखायला लागून दहा दिवस झालेत. मग थांबला का नाहीस? "टायगर थांबला नव्हता."

हे वाक्य बारा वर्षांच्या पोराच्या तोंडी आलं कुठून, तर भाऊजींनी घरच्या ग्रुपवर टाकलेल्या फॉरवर्डमधून. मलाही तो आतापर्यंत चार ठिकाणांहून आलाय, तेव्हा तुम्हालाही आलाच असेल. थोडक्यात मजकूर असा: २००० सालात गोल्फपटू टायगर वुड्सने चारही मेजर, म्हणजे गोल्फमधल्या वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकल्या, वर्षभर एकदाही हरला नाही. कारण दोन वर्षांचा असल्यापासून त्याने दुसरं काही केलं नाही, शिक्षण सोडलं, आपलं तंत्र कधी बदललं नाही आणि दुखलं तरी सराव थांबवला नाही. बाकीचे खेळाडू झोपले होते. शेवटी प्रश्न: "तुमचा मुलगा झोपलाय का?"

तो हंगाम मला जवळजवळ पाठ आहे. गोल्फमध्ये तितकं सुंदर वर्ष मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि म्हणूनच हा मजकूर वाचून डोकं फिरलं.

"एकदाही हरला नाही" हे आधी घेऊ. पीजीए टूरची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या मालिकेची, त्या वर्षाची नोंद कुणीही उघडून बघावी. टायगर २० स्पर्धा खेळला आणि ९ जिंकला. म्हणजे उरलेल्या ११ स्पर्धांत चषक दुसऱ्याने नेला. फेब्रुवारीत सॅन डिएगोला फिल मिकलसनने त्याची सलग विजयांची मालिका तोडली. त्याच महिन्यात मॅच प्लेच्या, म्हणजे एकास एक खेळायच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात डॅरेन क्लार्कने त्याला हरवलं. एप्रिलमधल्या मास्टर्समध्ये पहिल्याच दिवशी ७५ फटके लागले (गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं) आणि शेवटी पाचव्या जागेवर समाधान मानावं लागलं. ती मास्टर्स आपल्या ओळखीच्या विजय सिंगने, फिजीच्या त्या भारतीय वंशाच्या खेळाडूने जिंकली. मग चार मेजर एका वर्षात कशा होतील? २००० मध्ये तीन झाल्या: पेबल बीचची यूएस ओपन, सेंट अँड्र्यूजची ओपन आणि व्हॅलहालाची पीजीए चॅम्पियनशिप. चौथी, म्हणजे मास्टर्स, एप्रिल २००१ मध्ये आली. सलग चार जिंकल्या हे खरं, आणि ते अफाटच आहे. एका वर्षात चार हे खोटं.

यात काय एवढं बिघडलं, असं ताई म्हणाली. बिघडतं असं की पोराला वाटतं मोठा खेळाडू हरतच नाही, आणि पुढच्या ज्युनिअर स्पर्धेत पहिल्या होलवर, म्हणजे पहिल्या भोकात चेंडू घालायला, सात फटके गेले की त्याचा चेहरा उतरतो. पेबल बीचला टायगर १५ फटक्यांनी जिंकला. त्या आठवड्यात पारच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या फटक्यांच्या, खाली राहिलेला तो एकटाच. पण तिथेही तिसऱ्या दिवशी तिसऱ्या होलवर, जिथे पार चार फटक्यांचा होता, त्याने सात फटके घेतले होते. भाच्याला मी पहिल्यांदा हे सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, "खरंच सात?"

दोन वर्षांच्या वयाचं आणि शिक्षणाचं पटकन उरकते. लहानपणी सुरू केलं हे मान्य. १९७८ मध्ये दोन वर्षांचा टायगर अमेरिकेतल्या टीव्ही कार्यक्रमात क्लब, म्हणजे गोल्फची काठी, घेऊन उभा होता, ते चित्रण आजही बघायला मिळतं. त्यात काही खोट नाही. पण "शिक्षण सोडलं" म्हणताना अर्धंच सांगितलंय. त्याने शाळा पूर्ण केली, स्टॅनफर्डमध्ये दोन वर्षं शिकला, आणि १९९६ मध्ये बाहेर पडला तेव्हा हौशी खेळाडूंच्या यूएस अमॅच्युअरची लागोपाठ तीन विजेतेपदं त्याच्या नावावर होती. सहावीतल्या मुलाच्या गणिताच्या क्लासशी याचा संबंध लावू नका.

आता तंत्र. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला त्या हंगामातलं काहीच कळलेलं नाही, हे इथे उघडं पडतं. १९९७ ची मास्टर्स टायगरने १२ फटक्यांनी जिंकली. एकविसाव्या वर्षी. कुणीही म्हणालं असतं, आता याला हात लावू नको. त्याने मात्र प्रशिक्षक बुच हार्मन यांना बरोबर घेऊन आपला स्विंग, म्हणजे क्लब फिरवायची पद्धत, मोडून पुन्हा बांधायला घेतला. कंबर इतक्या वेगाने फिरायची की हात मागे पडायचे, आणि मग शेवटच्या क्षणी मनगटांनी सावरून घ्यावं लागायचं. टायमिंग जुळलं तर चेंडू सरळ, नाही तर कुठेही. हे बदलायला दीडेक वर्ष गेलं. १९९८ मध्ये पीजीए टूरवर त्याला एकच स्पर्धा जिंकता आली. लोक विचारत होते, याला झालंय काय? १९९९ मध्ये नवा स्विंग अंगात मुरला आणि आठ स्पर्धा आल्या. त्यानंतर २०००. म्हणजे ज्या वर्षाचं कौतुक चाललंय ते वर्ष तंत्र बदलल्यामुळेच आलं. त्यासाठी मधे एक वर्ष वाईट खेळायची तयारी लागली, आणि ती मला पंधरा फटक्यांच्या विजयाइतकीच मोठी वाटते.

एवढंच नाही. मे २००० मध्ये, ऐन हंगामात, त्याने चेंडूसुद्धा बदलला. आत रबराचा धागा गुंडाळलेला जुन्या पद्धतीचा चेंडू सोडून भरीव गाभ्याचा नवा घेतला, आणि पुढच्याच महिन्यात पेबल बीच झालं. चेंडूमुळेच जिंकला असं मी म्हणणार नाही, पण वाऱ्यात त्याचा फायदा झाला हे मान्य करावं लागतं. फॉरवर्डमध्ये मात्र चेंडूचं नावही नाही. तिथे सगळं जिद्दीवरच चालतं.

"बाकीचे झोपले होते" हे वाचून तर वाईट वाटलं. एर्नी एल्स त्या वर्षी पहिल्या तिन्ही मेजरमध्ये दुसऱ्या जागेवर होता. विजय सिंग म्हणजे अंधार पडेपर्यंत सराव करणारा माणूस. आणि बॉब मे! पीजीए टूरवर एकही स्पर्धा न जिंकलेला हा खेळाडू व्हॅलहालाला लागोपाठ तीन दिवस ६६ खेळला. शेवटच्या होलवर त्याने लांबचा पट (चेंडू हळूच भोकाकडे ढकलायचा फटका) आत घातला, आणि बरोबरी टिकवायला टायगरलाही पट घालावाच लागला. दोघेही १८ अंडर, म्हणजे पारपेक्षा १८ फटके कमी. बरोबरी सोडवायच्या तीन होलच्या प्लेऑफमध्ये एका फटक्याने निकाल लागला. या माणसाला झोपलेला म्हणायचं?

आता ज्यासाठी लिहायला बसले तो मुद्दा: दुखलं तरी थांबला नाही.

२००० ची कहाणी दुखण्याची नाहीच. फॉरवर्डवाल्याने तिथे २००८ ची यूएस ओपन आणून चिकटवलीय. त्या वर्षी टॉरी पाइन्सला टायगर डाव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला आणि नडगीच्या हाडाला तडे गेलेले असताना खेळला आणि जिंकला. फॉरवर्ड इथेच संपतो. पुढचं मी सांगते: लगेच गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, उरलेला सगळा हंगाम गेला, आणि तो परतला थेट फेब्रुवारी २००९ मध्ये. नंतर पाठ गेली. २०१४ पासून एकामागून एक शस्त्रक्रिया, आणि २०१७ मध्ये मणके जोडून घ्यावे लागले. २०१९ ची मास्टर्स तो जिंकला म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते या सगळ्यातून उठून आला म्हणूनच.

आणि हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. २०२० मध्ये टायगरला विचारलं होतं की तरुणपणच्या स्वतःला काय सांगशील. त्याचं उत्तर होतं, इतकं धावू नकोस. टूरवरच्या सुरुवातीच्या पाच-सहा वर्षांत तो आठवड्याला ३० मैलांवर, म्हणजे जवळजवळ ५० किलोमीटर धावायचा, आणि त्यानेच शरीराची आणि गुडघ्यांची वाट लागली, असं त्याने स्वतः सांगितलं. २००० साल याच पाच-सहा वर्षांतलं. ज्याच्या नावाने पोरांना "थांबू नका" सांगितलं जातंय, तोच माणूस मागे वळून म्हणतोय की मी कमी करायला हवं होतं.

टायगर तेव्हा चोवीस वर्षांचा होता, अंगाने पूर्ण वाढलेला. बारा वर्षांच्या मुलाच्या हाडांची टोकं अजून वाढत असतात, कोवळी असतात. रेंजवरच्या चटईखाली सिमेंट असतं. क्लब चेंडूच्या आधी जमिनीला लागला की तो धक्का सरळ मनगटात जातो. हिरवळीवर निदान माती उडते. असे दीडशे फटके, रोज. भाच्याचा हातमोजा मी हातात घेऊन पाहिला. तळव्याच्या टाचेशी कातडं झिजून भोक पडलं होतं आणि नेमक्या त्याच जागी हातावर फोड होता. सोमवारी ताई त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी सहा आठवडे क्लब धरायचा नाही म्हणून सांगितलंय. आणखी पंधरा दिवस असंच चाललं असतं तर हाडावर गेलं असतं, असंही म्हणाले.

भाऊजी, तुम्ही हे वाचालच. तुम्ही वाईट हेतूने टाकलं नाहीत हे मला ठाऊक आहे. पण तो फॉरवर्ड ग्रुपवरून काढा, आणि पुढे ज्या दोन पालकांना पाठवलात त्यांनाही कळवा, कारण त्यांची मुलं त्याच रेंजवर येतात. पोराला मी बॉब मेचा शेवटच्या होलवरचा तो पट दाखवलाय. तेव्हापासून तो हॉलमधल्या सतरंजीवर नुसत्या उजव्या हाताने पट मारत बसलाय, डॉक्टरांना विचारूनच. क्लबांची बॅग माळ्यावर आहे. सहा आठवडे व्हायच्या आत ती खाली काढू नका.