भोंगा वाजला की आधी घड्याळ बघा

परदेशात नव्याने राहायला गेलेल्या माणसाला कचऱ्याचे वार कळतात, विम्याचे हप्ते कळतात, सायकलला कुलूप कोणतं घ्यावं हेही कळतं. आपत्तीचा इशारा देणाऱ्या भोंग्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. मग एका दुपारी सगळं शहर एका सुरात ओरडायला लागतं, आपण खिडकीशी धावतो, आणि समोरच्या फुटपाथवरची बाई कुत्र्याला घेऊन शांतपणे चाललेली असते.

ती शांत असते कारण ही नुसती चाचणी असते आणि तिची तारीख तिला माहीत असते. नेदरलँड्समध्ये दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला भोंगा वाजतो, 1 मिनिट 26 सेकंद. सोमवारी सुट्टी आली तर वाजत नाही. फ्रान्समध्ये पहिला बुधवार, वेळ दुपारचीच. चेकियातही पहिल्या बुधवारी बाराला, 140 सेकंद सलग सूर. फिनलंडमध्ये पहिल्या सोमवारी बाराला, पण फक्त 7 सेकंद. ऑस्ट्रियात व्हिएन्ना सोडून बहुतेक ठिकाणी दर शनिवारी बाराला 15 सेकंद. स्वित्झर्लंडमध्ये वर्षातून एकदाच, फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी दुपारी दीडला. स्वीडनमध्ये मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरचा पहिला कामाचा सोमवार, दुपारी तीन. जर्मनीत सप्टेंबरचा दुसरा गुरुवार, सकाळी अकरा.

म्हणून माझं ठाम मत: आवाज ओळखण्याच्या भानगडीत आधी पडू नका. आवाज सुरू झाला की घड्याळ बघा. ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि ठरलेली लांबी या तिन्ही गोष्टी जुळल्या तर चाचणी. एक जरी जुळली नाही तर खरं समजून वागा. शुक्रवारी रात्री पावणेदहाला कुणी चाचणी घेत नाही.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा, आणि इथेच जाणती माणसंही फसतात. सुरांची भाषा देशागणिक बदलते. जर्मनीत एक मिनिट चढ-उताराचा सूर म्हणजे धोका आणि एक मिनिट सलग सूर म्हणजे धोका टळला. ऑस्ट्रियातही सलग एक मिनिट म्हणजे टळला, पण सलग तीन मिनिटं म्हणजे धोका येतोय, रेडिओ लावा. आता जर्मनीत राहिलेला माणूस नोकरीसाठी अमेरिकेच्या मध्यभागात गेला, की तिथे तीन मिनिटं सलग सूर म्हणजे बहुतेक ठिकाणी टोर्नेडो, ताबडतोब आसरा घ्या. ‘सलग म्हणजे टळलं’ हे डोक्यात पक्कं बसलेला माणूस तिथे चहा करायला उठेल. शिवाय अमेरिकेत अनेक ठिकाणी ‘टळलं’ सांगणारा भोंगा नसतोच. तो पुन्हा वाजला तर इशाऱ्याची मुदत वाढली असण्याची शक्यता जास्त.

त्यातही एक गंमत आहे. अमेरिकेतल्या अनेक भोंग्यांचं तोंड खांबावर गोल फिरत असतं. तोंड तुमच्याकडे वळलं की आवाज मोठा, पाठ फिरली की बारीक. त्यामुळे सलग सूरसुद्धा चढ-उताराचा वाटतो. उंच इमारतींमधला प्रतिध्वनी आणि वारा यांनी आणखी गोंधळ होतो. जुन्या यांत्रिक भोंग्यात मोटर खाचांचं चाक फिरवून हवेचे झोत कापते. चाक वेग घेईपर्यंत सूर खालून वर चढत जातो, थांबतानाही हळूहळू उतरतो. ही सुरुवातीची चढण म्हणजे चढ-उताराचा इशारा नव्हे. पहिली दहा-पंधरा सेकंदं सोडून द्या आणि मग सूर स्थिर आहे का ते ऐका.

सूर कळला तरी पुढे काय करायचं, ते धोक्यावर ठरतं. रासायनिक गळती किंवा मोठ्या आगीचा धूर असेल तर आत जा, दारं-खिडक्या लावा, बाहेरची हवा आत ओढणारं यंत्र बंद करा, रेडिओ किंवा सरकारी अ‍ॅप उघडा. टोर्नेडो असेल तर तळघर. ते नसेल तर सगळ्यात खालच्या मजल्यावरची, खिडकी नसलेली आतली खोली. स्वित्झर्लंडमध्ये धरणांच्या खालच्या भागात मात्र वेगळा जलइशारा आहे: खालच्या पट्टीतले 20 सेकंदांचे 12 सूर, मध्ये 10-10 सेकंद थांबून. तो ऐकून तळघरात गेलात तर जीव जाईल. तिथे लगेच तो भाग सोडून उंचावर जायचं. धरणाखालच्या गावात घर घेतलं असेल तर उंचावर जाणारी वाट पहिल्याच आठवड्यात चालून बघा.

लहान गावांमधला भोंगा अनेकदा फक्त स्वयंसेवी अग्निशमन दलाला बोलावण्यासाठी असतो. ऑस्ट्रियात त्याचे 15 सेकंदांचे तीन सूर, मध्ये 7 सेकंद शांतता. तुम्ही काही करायचं नाही, रस्ता तेवढा मोकळा ठेवा. काही भोंगे स्मरणाचे असतात. सिंगापूरमध्ये 15 फेब्रुवारीला संध्याकाळी 6.20 ला भोंगा वाजतो, कारण 1942 साली ब्रिटिशांनी जपानपुढे शरणागती पत्करली तीच वेळ. पोलंडमधल्या वॉर्सात 1 ऑगस्टला संध्याकाळी पाचला भोंगे वाजतात, नाझींविरुद्धच्या 1944 च्या उठावाच्या स्मरणार्थ. तेव्हा रस्त्यातली माणसं, गाड्या जागच्या जागी थांबतात. तुम्हीही थांबा. जपानमध्ये संध्याकाळी वाजणारी धून ही आपत्तीच्या लाउडस्पीकरांची रोजची चाचणीच असते, तिची वेळ गावागावात वेगळी.

दर महिन्याच्या चाचणीमुळे कान मरतात, ही तक्रार मला अर्धीच पटते. 2011 मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, जॉप्लिन शहरात टोर्नेडोने दीडशेहून जास्त माणसं गेली. तिथे भोंगा ऐकूनही बरेच लोक दुसऱ्या कुठल्यातरी खात्रीची वाट बघत थांबले होते. हे खरं. पण चाचणीच नसेल तर यंत्रणा गंजते. जर्मनीत 2020 च्या पहिल्या देशव्यापी चाचणीत अ‍ॅपचे इशारे उशिरा पोचले, आणि तो दोष चाचणीमुळेच उघडा पडला. चाचणी हवीच, फक्त नवख्याला तिची तारीख सांगायला हवी. घराची नोंदणी करताना पालिका इतके कागद हातात देते, त्यात हा एक कागद जड होणार नाही.

फोनवरचा इशारा भोंग्यापेक्षा उपयोगी, कारण तो मजकूर दाखवतो. पण अनेक देशांत तो तुमच्या नंबरवर येत नाही. परिसरातल्या टॉवरवरून सगळ्या फोनना एकदम जातो. म्हणून नोंदणी लागत नाही, फोन एअरप्लेन मोडवर असेल तर मात्र काहीच येत नाही. सेटिंगमध्ये आपत्कालीन इशारे चालू आहेत का ते बघा आणि फोनची प्रणाली अद्ययावत ठेवा. मजकूर स्थानिक भाषेत येण्याची शक्यता जास्त, तेव्हा भाषांतराचं अ‍ॅप आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा. जोडीला बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ घ्या, आणि स्थानिक आपत्कालीन केंद्राची फ्रिक्वेन्सी त्याच्यावरच चिकटवून ठेवा.

आणि आई-बाबा राहायला आले असतील तर चाचणीच्या आदल्या रात्रीच त्यांना सांगून ठेवा. तुम्ही ऑफिसात असता, घरी तेच असतात.