वाटीभर पाण्याने विषारी वायू शोषला जात नाही: ‘पाचशे रुपयांत घर थंड, घर गरम’ या मेसेजला उत्तर

गेले पंधरा दिवस पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘एसी-हीटर कंपन्यांची लूट थांबवा, पाचशे रुपयांत घर उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात गरम ठेवा.’ खाली सात मुद्दे. कूलरमध्ये बर्फ आणि मीठ टाका. कूलर लावताना दारं-खिडक्या बंद ठेवा. एसीचा गॅस दरवर्षी संपतो, त्यामुळे एसी म्हणजे पांढरा हत्ती. पाच स्टार हे थोतांड आहे. गच्चीला चुना मारला की एसीची गरजच नाही. ऑइलचा हीटर निम्मी वीज खातो. आणि सातवा: रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवा, निखाऱ्यांना धूर नसतो, तरीही शंका वाटली तर शेजारी वाटीभर पाणी ठेवा, ते विषारी वायू शोषून घेतं.

काल हा मेसेज माझ्या मावशीने मला पाठवला, ‘यातलं काय काय करून बघू?’ असं विचारत. ती सत्तरीची आहे आणि एकटी राहते. म्हणून सुरुवात सातव्या मुद्द्यापासून.

निखाऱ्यांना धूर नसतो हे खरं, आणि धोका नेमका तिथेच आहे. धूर असता तर डोळे चुरचुरले असते, खोकला आला असता, माणूस उठून खिडकी उघडायला गेला असता. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, तो घशाला खुपत नाही. राख ओढून ठेवलेल्या लाल निखाऱ्यांत हवा कमी पोहोचते, कोळसा अर्धवट जळतो. खालच्या थरात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना पुन्हा मोनॉक्साइड होतो. म्हणजे शेगडी जितकी ‘शांत’ दिसते, तितकी ती सुरक्षित नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये घरातल्या हवेसाठी मर्यादा घालून दिल्या आहेत. आठ तासांसाठी कार्बन मोनॉक्साइड घनमीटरमागे १० मिलिग्रॅम, आणि फक्त पंधरा मिनिटांसाठी १००. आता दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली घ्या. ती साधारण ३४ घनमीटर भरते. आठ तासांची मर्यादा गाठायला या खोलीत ३४० मिलिग्रॅम मोनॉक्साइड पुरतो, आणि तेवढा तयार व्हायला अर्धवट जळलेला कार्बन लागतो दीडशे मिलिग्रॅमपेक्षाही कमी. पंधरा मिनिटांची मर्यादा ओलांडायला दीड ग्रॅम कार्बन बास झाला. शेगडीत कोळसा असतो अर्धा किलो. त्यातला हजारात तीन भाग अर्धवट जळला तरी बंद खोलीत इतका वायू साठतो, आणि प्रत्यक्षात अर्धवट जळणारा भाग याच्या कितीतरी पट असतो.

आणि ती पाण्याची वाटी! कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. आजूबाजूला निव्वळ हाच वायू भरलेला असला, तरी लिटरभर पाणी फार तर तीसेक मिलिग्रॅम घेईल. खोलीच्या हवेत तो त्यामानाने अगदी विरळ असतो, त्यामुळे वाटीत जे जाईल ते मोजण्याच्याही लायकीचं नसतं. पाण्याने हवा थोडी दमट होते, नाक कोरडं पडत नाही. बस, एवढंच. ‘दाराखालच्या फटीतून वायू निघून जातो’ असंही मेसेजमध्ये म्हटलंय. हा वायू हवेपेक्षा किंचित हलका आहे. तो खाली बसत नाही, छताला चिकटून राहत नाही, खोलीभर सारखा मिसळतो. फटीच्या भरवशावर झोपता येत नाही.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा याला दोनशेहून जास्त पट घट्ट धरून ठेवतं. सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, आणि घरचे म्हणतात पित्त झालं असेल. झोपलेल्या माणसाला तर हेही कळत नाही. आणखी एक गोष्ट नीट लक्षात घ्या: कोविडपासून घरोघरी असलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं. मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, त्यामुळे माणूस बेशुद्धीकडे जात असताना ते ९८ दाखवू शकतं. अशा वेळी आकडा बघत बसू नका. दारं-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि ‘खोलीत शेगडी पेटवलेली होती’ हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास. म्हणून दवाखाना गाठणं महत्त्वाचं. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरचंही हेच दुखणं आहे. तो बाहेर, हवेशीर जागी बसवायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणायचा.

पुण्यात थंडी पडते, नाही असं नाही. डिसेंबर-जानेवारीत शिवाजीनगरला पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, एनडीए (खडकवासल्याची लष्करी प्रबोधिनी) आणि पाषाणकडे त्याहून कमी. पण ही रात्रीची थंडी आहे, खोली नाही तर माणूस ऊबदार ठेवला तरी भागतं. गोधडी किंवा दुलई, आणि दोन-तृतीयांश भरून हवा काढलेली, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची रबरी पिशवी. त्यावर हवंच असेल तर विजेचं ब्लँकेट: एका माणसाचं साधारण १०० वॅटचं असतं, पूर्ण आठ तास चाललं तरी एका युनिटच्या आत. झोपायच्या आधी अर्धा तास लावून मग कमीवर ठेवलं की त्याहूनही कमी. कोळसा यापेक्षा स्वस्त पडत नाही.

आता बर्फ. पाच किलो बर्फ टाकला की कूलरचा एसी होतो म्हणे. हिशोब करूया. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो, पाच किलो म्हणजे १६७०. एक टनाचा एसी तासाला साधारण १२,६०० किलोज्यूल उष्णता खोलीबाहेर फेकतो. म्हणजे तुमचा पाच किलो बर्फ एसीच्या आठ मिनिटांइतकाच. कूलर गार करतो तो पाण्याची वाफ करून. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल घेतं, किलोभर बर्फाच्या सातपट. उन्हाळ्यातल्या कोरड्या दुपारी मध्यम आकाराचा कूलर तासाला सात-आठ लिटर पाणी सहज संपवतो. तुमचा सगळा बर्फ त्यातल्या एका लिटरच्याही बरोबरीचा नाही. वर टाकी बर्फगार झाली की पॅडवर वाफ कमी होते, म्हणजे बर्फाने दिलेल्यातलं काही परत गेलं.

हा बर्फ घरच्या फ्रिजमध्ये केला असेल तर आणखी वाईट. फ्रिजने पाण्यातून काढलेली उष्णता, अधिक कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज, सगळं फ्रिजच्या मागच्या जाळीतून तुमच्याच स्वयंपाकघरात येतं. घर एकूण तापलंच. मीठ तर अजिबात टाकू नका. पत्र्याची बॉडी गंजते, पंपाचा पंखा अडकतो, पॅडवर पांढरा थर बसून हवा जाईनाशी होते. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने आधीच क्षार बसतात, त्यात आणखी मीठ कशाला?

कूलर पुण्यात चालतो, आणि उत्तम चालतो, पण खिडकी उघडी असेल तरच. मार्च ते मे दुपारी हवा ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेत ओल्या फडक्याचं तापमान २१ पर्यंत उतरतं. चांगलं पॅड यातली सुमारे तीन-चतुर्थांश वाट चालतं, म्हणजे कूलरमधून २५-२६ अंशांची हवा मिळते. ही हवा दमट असते. ती बाहेर गेली नाही तर तासाभरात खोलीतली आर्द्रता चढते आणि कूलर तीच ओली हवा फिरवत बसतो. मग लोक म्हणतात, ‘कूलरने चिकचिक होते.’ कूलर खिडकीत बसवा, पाठ बाहेर आणि तोंड आत. समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार वीतभर उघडं ठेवा. दारावरचा पडदा बाहेरच्या दिशेला फुगलेला दिसला की वारा बरोबर वाहतोय. जुलैत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला हाच कूलर जेमतेम दीड-दोन अंश उतरवेल. तेव्हा तो बंद करून नुसता पंखा लावा. आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कडा घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.

‘एसीचा गॅस दरवर्षी संपतो’ हे साफ खोटं आहे. गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो बंद नळ्यांत गोल फिरतो, खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणार. बहुतेक वेळा गळती असते तांब्याच्या नळीचा फुललेला तोंडाचा भाग आणि पितळी नट यांच्या जोडावर. बाहेरच्या युनिटच्या बाजूला जिथे नळ्या घुसतात तिथे तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. दुसरं म्हणजे, फिल्टर धुळीने बंद झाला असला तरी गेजवर दाब कमी दिसतो. आधी फिल्टर आणि कॉइल धुऊन घ्या, मग मोजू द्या. गॅस भरायचाच झाला तर क्रम असा: नायट्रोजनने दाब देऊन गळती तपासणं, जोड दुरुस्त करणं, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढणं, आणि मग बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमांइतका गॅस वजनकाट्यावर मोजून भरणं. काटा नसलेला माणूस ‘अंदाजाने भरतो’ म्हणाला तर त्याला परत पाठवा. आर-३२ हा बऱ्याच नव्या एसींतला गॅस पेट घेऊ शकतो, त्यामुळे तो हवेत सोडून नळ्या ‘धुण्याची’ पद्धतही चालू देऊ नका.

पाच स्टारचा मुद्दा. थोतांड हा शब्द चुकीचा आहे, पण त्यामागे अर्धं सत्य आहे आणि ते मान्य करावं लागेल. बीईई ही स्टार ठरवणारी सरकारी संस्था, तिच्या लेबलवरची वार्षिक युनिटं १६०० तासांच्या वापरावर काढलेली असतात. पुण्यात बरीच घरं एसी लावतात मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, तोही रात्रीच. ८० रात्री, सहा तास, म्हणजे ४८० तास. समजा दीड टनाच्या तीन स्टारवर ९८० युनिटं लिहिलीत आणि पाच स्टारवर ७५०. फरक २३०, पण तुमच्या वापराला त्यातला तीस टक्केच लागू, म्हणजे ६९ युनिटं. युनिटमागे १२ रुपये धरले तर वर्षाला सव्वाआठशे. पाच स्टारला आठ-दहा हजार जास्त मोजले तर ते वसूल व्हायला दहा-बारा वर्षं. अशा घराने तीन स्टार इन्व्हर्टर एसी घ्यावा आणि वाचलेल्या पैशांत बसवणी नीट करून घ्यावी. घरून काम असेल, दिवसभर एसी चालणार असेल, तर हाच हिशोब उलटतो आणि पाच स्टार तीन-चार वर्षांत फिटतो. हिशोबाला बिलाची सरासरी नको, तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर घ्या, कारण एसीची युनिटं तिथेच पडतात. आणि स्टार मोजण्याआधी लेबलवरचं वर्ष बघा: ४.५ आयसीअरचा (हंगामभरात एका युनिट विजेमागे एसी किती उष्णता बाहेर काढतो, तो आकडा) स्प्लिट एसी जून २०२२ पर्यंत पाच स्टार होता, १ जुलैपासून चार स्टार झाला. खरी तुलना आयसीअरच्या आकड्याची.

गच्चीला चुना: वरच्या मजल्यावर उपयोग होतो, इतरांना काहीच नाही. मळलेली गच्ची आधी घासून धुवा, दोन-तीन हात द्या. पहिल्या जोरदार पावसात बराच धुऊन जातो, दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा मारावा लागतो. पश्चिमेची भिंत तापत असेल तर चुना तिला वाचवत नाही. तिथे खिडकीबाहेर बांबूची चटई किंवा हिरवी जाळी लावा, ऊन काचेच्या आत येण्याआधी अडलं पाहिजे.

राहिला ऑइलचा हीटर. तो निम्मी वीज खात नाही. २००० वॅटचा ऑइल हीटर, २००० वॅटचा पंखेवाला हीटर आणि २००० वॅटची लाल कांडी, तिन्ही तासाला दोनच युनिटं घेतात आणि तितकीच उष्णता देतात. ऑइलवाला बंद केल्यावरही थोडा वेळ गरम राहतो, आणि त्याने हवा चटका बसेल अशी कोरडी वाटत नाही, हा फायदा खरा. कमी विजेत जास्त ऊब हवी तर गरम-थंड दोन्ही करणारा एसी, तो बाहेरची उष्णता आत ओढून एका युनिट विजेत खोलीला साधारण तीन युनिटांची उष्णता देतो. पण पुण्याच्या पाच-सहा आठवड्यांच्या थंडीसाठी त्याचे जास्तीचे पैसे फक्त तेव्हाच मोजावेत, जेव्हा एसी तसाही घ्यायचाच आहे.

हीटर कुठलाही घ्या, २००० वॅट म्हणजे पावणेनऊ अँपिअर. पेठांतल्या जुन्या घरांत पलंगाशेजारी असतो तो सहा अँपिअरचा सॉकेट. त्यात मल्टिप्लग घालून हीटर लावला की आतली पितळी पट्टी तापून सैल होते, सैल झाली की आणखी तापते. हीटर सोळा अँपिअरच्या सॉकेटलाच लावायचा, एक्स्टेन्शनवर नाही. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने हीटर बंद करा, प्लग काढा आणि त्याच्या पिना जपून, बोट जेमतेम टेकवून बघा. त्या चटका देण्याइतक्या गरम असतील तर इलेक्ट्रिशियन येऊन सॉकेट बदलेपर्यंत तिथे हीटर लावू नका.