आडवा दर्या, उभा माड

कोकणातल्या घरात जुना, रोलवर चालणारा ऑटोफोकस (म्हणजे फोकस स्वतःच लावणारा) कॅमेरा हरवत नाही. तो फडताळात, लग्नाच्या अल्बमांच्या मागे, तीन पिशव्यांच्या आत असतो आणि सगळ्यात बाहेरच्या पिशवीला लावलेलं रबर वितळून पिशवीचाच एक अवयव झालेलं असतं. पिशव्या कुणी घातल्या हे विचारू नये. "सर्दू नये म्हणून" असं उत्तर येतं. तीन पिशव्यांनी बाहेरची सर्द हवा आत येऊ दिली नाही, हे मान्य. पण ज्या जुलैत कॅमेरा गुंडाळला, त्या जुलैची हवा त्यांनी बाहेरही जाऊ दिली नाही. ती अजून आत आहे. पिशवी उघडल्यावर जो वास येतो, तो तिचाच.

हा पुन्हा चालू करतो म्हटलं की "त्यापेक्षा नवाच घे की" हे पाठोपाठ येतं. घेऊ, पण कुठून? निकॉनचा एफ6 हा रोलवर चालणारा शेवटच्या घराण्यातला, तो 2020 मध्ये बंद झाला. कॅननच्या ईओएस-1व्ही ची विक्री 2018 मध्येच थांबली होती. हल्ली नवे म्हणून जे रोलचे कॅमेरे मिळतात, त्यांतल्या बहुतेकांचा फोकस एकतर कायमचा एकाच जागी खिळलेला असतो, नाहीतर अंतर आपण अंदाजाने लावायचं. अंदाजाने फोकस लावायची माझी तयारी आहे. पण आमच्याकडे "हे काय, इथंच आहे" या अंतरात दोन घाट्या आणि एक साकव बसतो. तेव्हा फडताळातलाच बरा.

आधी मागचं झाकण उघडायचा मोह आवरा. बाजूच्या खिडकीतून रोलची डबी दिसते का बघा. दिसली, तर आत कुणाचं तरी बारसं अर्धवट टिपलेलं आहे. झाकण उघडलंत की ते गेलं. नवे सेल घालून दोन बाण किंवा रोलचं चिन्ह असलेलं बारीक बटण पेनच्या टोकाने दाबा. रोल घर्रर्र करत डबीत शिरतो. आवाज पूर्ण थांबला की मगच झाकण.

सेल हे स्वतंत्र प्रकरण आहे. गावातला दुकानदार "कॅमेऱ्याचा सेल" म्हटल्यावर घड्याळाचा देतो, आग्रह धरलात तर रिमोटचा. तुम्हाला हवे असतात सीआर123ए, सीआर2, नाहीतर दोन नळकांडी चिकटवल्यासारखा दिसणारा 6 व्होल्टचा 2सीआर5. ते मागवूनच घ्यावे लागतात. मागवताना स्वस्तात मिळतो म्हणून 123 च्याच मापाचा चार्ज होणारा सेल घेऊ नका. मूळ सेल 3 व्होल्टचा, हा पूर्ण भरला की 4.2 चा. दोन घातले की 6 च्या जागी 8.4, आणि कॅमेऱ्याचं सर्किट एवढा पाहुणचार सोसत नाही.

कॅमेरा साध्या पेन्सिल सेलवर चालणारा असेल, तर सेलच्या खोबणीत पांढरी-हिरवी खरड जमलेली सापडेल. सेल फुटून क्षार बाहेर आलेला असतो आणि क्षाराला आंबट लागतं. कापसाच्या काडीवर दोन थेंब व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घ्या, फसफस थांबेपर्यंत पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने कोरडं करा, शेवटी पत्र्यावर खोडरबर फिरवा. इथे घरातून हमखास सूचना येते की लिंबू कशाला, कोकमाचं आगळ आहे की. आगळात मीठ असतं. मिठाने तांब्या-पितळेचं काय होतं ते बघायला आपल्याकडे अख्खा समुद्र आहे, बरणी उघडायची गरज नाही.

दुसरं सार्वत्रिक औषध म्हणजे खोबरेल. जुन्या कॅमेऱ्याच्या मुठीवरचं रबर चिकट होतं, हात लावला की फणसाच्या चिकासारखं. चीक खोबरेलाने निघतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, म्हणून वाटी पुढे येते. ती वाटी तशीच परत पाठवा. तेल फटीतून आत जातं, शटरच्या पात्यांवर पसरतं, आणि पाती एकमेकींना धरून बसतात. चिकट रबरालाही तेच अल्कोहोल, सुती फडक्यावर, थोडं थोडं.

शटरची पाती तेलाशिवायही चिकटतात. आत बारीक स्पंज लावलेले असतात. तीस-पस्तीस वर्षांत त्यांचं डांबर होतं. झाकणाच्या कडेचा स्पंज गेला तर फोटोत लालसर-नारिंगी प्रकाश गळतो. तो दातकोरणीने खरवडून त्याजागी दीड ते दोन मिलिमीटरचा काळा फोम किंवा काळ्या लोकरीचा धागा बसवता येतो, घरच्या घरी, तासाभरात. पण शटरजवळचा स्पंज विरघळून पात्यांवर काळा ठिपका आला असेल, तर झाकण उघडं ठेवून रिकामाच वीस-तीस वेळा दाबून पाहा. ठिपका पुन्हा पुन्हा उमटला की कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे. बोट लावू नका, ती पाती केसापेक्षा फार जाड नसतात. आणि छोटा फ्लॅशवाला कॅमेरा "आत काय आहे ते बघतो" म्हणत स्क्रूड्रायव्हर घेऊन उघडायला बसू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास दाब साठलेला असतो, आणि तो सेल काढल्यानंतरही बराच वेळ घरीच असतो.

आता भुरा. लोणच्यावर येतो तोच, फक्त इथे काचेवर. लेन्स काढा, एका बाजूने टॉर्च तिरका मारा, दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखी किंवा झाडाच्या मुळांसारखी नक्षी दिसली तर ती बुरशी. हवेतला दमटपणा 65-70 टक्क्यांच्या वर राहिला की ती फोफावते, आणि कोकणात जून ते सप्टेंबर तो त्याच्या खाली उतरण्याचं नाव घेत नाही. कडेला थोडी नक्षी असेल तर फोटो येतात. फक्त सूर्य समोर असताना चित्र पांढुरकं पडतं. मध्यभागी असेल तर काच साफ करून घ्यावी लागते, आणि बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर साफ केल्यावरही तिची स्वाक्षरी उरते. बुरशीवाली लेन्स धडक्या लेन्सशेजारी ठेवू नये. फुंकर मारायची ती रबरी फुग्याने. तोंडाने मारलीत तर थुंकी उडते, सायकलच्या पंपाने मारलीत तर तेल.

डीएक्स कोड बघा. 1983 पासून रोलच्या डबीवर काळे-चंदेरी चौकोन आले आणि डबीच्या खोबणीतले सोनेरी टोचे ते वाचून रोलचा वेग, म्हणजे तो प्रकाश किती चटकन टिपतो ते (100, 200, 400), ठरवू लागले. खाऱ्या वाऱ्याने टोचे मळले की कॅमेऱ्याला वाचता येत नाही आणि तो 400 च्या रोलला बिनदिक्कत 100 चा समजतो. पुन्हा खोडरबर.

एवढं झालं की खरा छळ सुरू होतो, तो म्हणजे ऑटोफोकस.

1977 मध्ये कोनिकाचा सी35 एएफ आला, स्वतः फोकस करणारा बाजारातला पहिला. 1985 मध्ये मिनोल्टा 7000 ने ते एसएलआरच्या, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याच्या, पोटात बसवलं, 1987 मध्ये कॅननने ईओएस ही मालिका काढून मोटर लेन्समध्येच घातली. (तेव्हाची ईओएस लेन्स आजही चालते, आणि डिजिटल ईओएससाठी घेतलेली ईएफ लेन्स जुन्या रोलच्या ईओएसला बसते. लेन्सवर ईएफ-एस लिहिलं असेल तर ती बसत नाही, जोर लावू नका.) ही कल्पना मुळात कुणाची, यावरून हनीवेल कंपनीने मिनोल्टावर दावा ठोकला. 1992 मध्ये 12 कोटी 75 लाख डॉलरवर तो मिटला. आपल्याकडच्या बांधाच्या दाव्यांशी तुलना केली तर रक्कम जास्त, पण निकाल फारच लवकर.

सुरुवातीच्या बहुतेक ऑटोफोकस एसएलआरमध्ये फोकसचं सेन्सर एकच, बरोबर मध्यभागी, आणि आडवं झोपवलेलं. बारीक पेशींची ती एक रांग असते. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेली दोन चित्रं एकमेकांपासून किती सरकली आहेत, हे ती रांगेवर मोजते. उभी रेघ रांगेला छेदून जाते, म्हणून सापडते. आडवी रेघ रांगेशी समांतर. सगळ्या पेशींना एकच दिसतं, सरकलं काय नि न सरकलं काय, सारखंच.

म्हणजे कॅमेऱ्याला क्षितिज दिसत नाही. वेळणेश्वरला किंवा तारकर्लीला उभं राहून तुम्ही दर्यावर कॅमेरा रोखला, की लेन्स झूंऽऽ करून पुढे जाते, झूंऽऽ करून मागे येते आणि हिरवा ठिपका लुकलुकत राहतो. समोर अरबी समुद्र आहे हे त्याला कुणी तरी पटवून द्यायला हवं असतं. फोकस लागला नाही तर कित्येक मॉडेल बटण दाबूच देत नाहीत. मागून आलेला कोणीतरी मग हमखास म्हणतो, "काय रे, फोटो खंय बघूचो?"

उपाय सोपा आहे. कॅमेरा उभा धरा. सेन्सर उभं झालं की क्षितिज आपोआप त्याला छेदतं. बटण अर्धं दाबा, ठिपका स्थिर झाला की बोट न उचलता कॅमेरा आडवा करा, मग पूर्ण दाबा. नाहीतर साधारण तेवढ्याच अंतरावरचा माड धरा. माडावर हे जुने कॅमेरे जीव टाकतात. होडीची डोलकाठीही चालते. हर्णैच्या बंदरातून सुवर्णदुर्ग घेताना तटाच्या लांबलचक आडव्या रेघेवर नाही, बुरुजाच्या कडेवर फोकस लावा. जांभ्याच्या भिंतीत चिऱ्यांचे उभे सांधे असतात, तिथे पटकन लागतो. तीच भिंत गिलावा करून चुना मारलेली असेल तर कॅमेरा तिथेच दिवसभर झूं झूं करेल.

छोटे कॅमेरे वेगळ्या जातीचे. त्यांतले अनेक इन्फ्रारेड किरण सोडतात आणि तो परत कुठून येतो त्यावरून अंतर ठरवतात. एसटीच्या बंद खिडकीतून फोटो काढलात तर किरण काचेवरूनच परततो, आणि फोटोत काचेवरचा चिखल अप्रतिम येतो, मागचा घाट धूसर. डोंगराचं चिन्ह असलेलं बटण असेल तर ते दाबा, फोकस थेट अनंतावर जातो.

एप्रिलच्या दुपारी किनाऱ्यावर 200 चा रोल पुरतो: लेन्सचं छिद्र एफ/16, शटर सेकंदाचा 1/200. मात्र उजळ वाळू आणि चकाकतं पाणी मीटरला फसवतं, तो प्रकाश कमी करतो आणि माणसं काळवंडतात. एक स्टॉप जास्त द्या, म्हणजे प्रकाश दुप्पट. कलर निगेटिव्ह जास्तीचा प्रकाश सोसतं, कमीचा सोसत नाही. पावसात, पोफळीच्या बागेत 400 च्या रोललाही शटर 1/30 वर येतं, हात हलला की चित्र हललं. खांबाला टेका.

रोल फ्रीजमध्ये ठेवायचा असेल तर प्लॅस्टिकच्या डबीसकट, झाकण घट्ट लावून, आणि बाहेर काढल्यावर तासदोन तास डबी उघडू नये, नाहीतर फिल्मला घाम फुटतो. संपलेला रोल मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. तो धुवायला बहुधा मुंबई-पुण्यालाच जातो, कारण सी-41 चं, म्हणजे कलर निगेटिव्ह धुण्याच्या पद्धतीचं, डेव्हलपर 37.8 अंशावर 3 मिनिटं 15 सेकंद सांभाळणारं मशीन आता गावातल्या स्टुडिओत सहसा उरलेलं नाही. रोल, धुणं, स्कॅन धरून एका क्लिकला तीस-चाळीस रुपये सहज पडतात. म्हणून "अजून एक काढ, माझे डोळे मिटले" या विनंतीला मी सरसकट नकार देतो. आणि तारखेची सोय असेल तर ती बंद करा. काही मॉडेलचं कॅलेंडर 2019 लाच संपतं, मग यंदाच्या गणपतीवर 1994 छापून येतं आणि पुढच्या पिढीत वाद होतात.

आगोटीच्या यादीत, सुकट-कोकमांच्या खाली, सिलिका जेल, म्हणजे दमटपणा शोषणारे दाणे, लिहून ठेवा. पाच लिटरचा घट्ट झाकणाचा डबा, आत 50 ते 100 ग्रॅम दाणे, कापडी पुरचुंडीत. कॅमेऱ्यातले सेल काढून ठेवा. चामड्याचं कव्हर आत नको, बुरशीचं माहेर तेच. तांदळात पुरायचा सल्ला मिळेल. तांदूळ स्वतःच सर्द असतो, त्यात पीठ आणि पोरकिडे फुकट. डांबरगोळीही नको, तिची वाफ काचेवर बसते. नारिंगी दाणे ओल पिऊन हिरवे झाले की 120 अंशाला तास-दीड तास तापवा, ते परत नारिंगी होतात. निळे असतील तर त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी, भाकरीच्या तव्यावर मुळीच नाही. आणि डब्यावर चारी बाजूंनी, मोठ्या अक्षरात "कॅमेरा" लिहा. कोकणात आषाढातल्या दुपारी घट्ट झाकणाचा डबा दिसला की आत पापड आहेत असं धरूनच तो उघडला जातो, आणि पापड नाहीत म्हटल्यावर झाकण लावायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.